माझे बाळंतपण माझ्या मनासारखे व्हावे, हा हट्ट आहे का?

पत्राचा सारांश: या भगिनी पहिल्यांदाच आई होणार आहेत आणि त्यांना आठवा महिना नुकताच लागला आहे. आतापर्यंतच्या सर्व तपासण्या व्यवस्थित असून नैसर्गिक प्रसूतीला सध्या कोणतीही अडचण दिसत नाही, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यांची इच्छा स्पष्ट आहे: कळा आपोआप सुरू व्हाव्यात, वेदना कमी करण्यासाठी पाठीच्या कण्यापाशी दिले जाणारे एपिड्यूरल घेऊ नये आणि अगदी नाइलाज झाला तरच सिझेरियन व्हावे. पतीला ही इच्छा उमगत नाही. "वेदना टाळता येत असताना त्या सोसायच्या कशाला?" असे ते विचारतात. एका जवळच्या मैत्रिणीने तर हे सगळे मिरवण्यासाठी चालले आहे, असे तोंडावर ऐकवले. थोरल्या बहिणीचे बाळंतपण बराच वेळ कळा दिल्यानंतर तातडीच्या सिझेरियनने झाले आणि आज सहा वर्षांनंतरही ती म्हणते, "मी बाळंत झाले नाही, मला बाळंत केलं." पत्राच्या अखेरीस या भगिनी लिहितात: "मला हे इतके का हवे आहे, हे माझे मलाच नीट कळत नाही. हा माझा निर्णय आहे की भीती? आणि नाही जमले, तर मी स्वतःला माफ करू शकेन का?"

उत्तर:

बाळंतपणाविषयी येणाऱ्या पत्रांत बहुधा 'कसे जमेल' असा प्रश्न असतो. तुम्ही 'का हवे आहे' असे विचारले आहे आणि माझ्या मते तोच आधी विचारण्याजोगा प्रश्न आहे, कारण ठरवल्याप्रमाणे घडले नाही तर मनाची काय अवस्था होईल, हे बरेचसे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे मी शेवटी येईन.

आधी तुमच्या पत्रात सर्वांनीच गृहीत धरलेल्या काही गोष्टी बाजूला काढू. तुमच्या पतीने असे धरले आहे की जी स्त्री वेदनाशामक औषध नाकारते तिला वेदना हवी असते. मैत्रिणीने असे धरले आहे की कठीण वाट निवडणारी माणसे ती इतरांना दाखवण्यासाठीच निवडतात. आणि तुम्ही स्वतः असे धरले आहे की या इच्छेमागे एकच खरे कारण असले पाहिजे, ते एक तर निर्मळ निर्णय असेल, नाही तर भीती असेल, आणि भीती निघाली तर ती इच्छा मनातून काढून टाकली पाहिजे. ही विभागणी मला मान्य नाही. आयुष्यातल्या कोणत्याही मोठ्या निर्णयात थोडी भीती मिसळलेली असतेच, आणि तेवढ्याने तो निर्णय खोटा ठरत नाही. भीतीचा वाटा किती आहे आणि ती नेमकी कशाची आहे, एवढे मात्र पाहून घ्यावे लागते.

नैसर्गिक प्रसूतीची ओढ असलेल्या स्त्रियांशी शांतपणे बोलत गेले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. त्या वेदनेविषयी फारसे बोलत नाहीत. त्या बोलतात ते आपल्या शरीराबाबतचे निर्णय कोण घेणार, याविषयी. प्रसूतिकक्षातला एक साधा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. दार उघडते, कोणीतरी आत येते, हातमोजे चढवते, काही न बोलता तपासणी करते, शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला "चार सेंटीमीटर" असे सांगते आणि निघून जाते. आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने पाहा. आत आलेली व्यक्ती आपले नाव सांगते, "पिशवीचे तोंड किती उघडले आहे ते पाहायचे आहे, ही कळ ओसरू दे, मग तपासू का?" असे विचारते, तपासणी झाल्यावर आकडा आधी तुम्हाला सांगते आणि त्याचा अर्थही सांगते. तपासणी तीच, आकडा तोच आणि अंगाला होणारा त्रासही तेवढाच. पहिल्या प्रसंगात मात्र खोलीतली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती संभाषणाच्या बाहेर राहिली. अशा पंधरा-वीस लहान प्रसंगांतून एक बाळंतपण घडते. अनेक स्त्रिया औषधांना आणि उपकरणांना नकार देतात, तेव्हा त्या खरे तर या बाहेर राहण्याला नकार देत असतात, कारण एक हस्तक्षेप झाला की त्यामागून दुसरा येईल आणि मग आपल्याला कोणी विचारणार नाही, अशी धास्ती त्यांना असते.

ही केवळ भावनेची बाब आहे, असे कोणी म्हणाले तर ते मानू नका. कॅनडातील परिचर्या-संशोधक एलन हॉडनेट यांनी 2002 मध्ये बाळंतपणातील वेदना आणि समाधान यांविषयीच्या उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. बाळंतपणाविषयी स्त्रीला वाटणारे समाधान मुख्यतः चार गोष्टींवर ठरते, असे त्यांना आढळले: तिच्या स्वतःच्या अपेक्षा, काळजी घेणाऱ्यांकडून मिळालेला आधार, त्यांच्याशी असलेले तिचे नाते आणि निर्णयांतला तिचा सहभाग. वेदना किती झाली आणि वैद्यकीय हस्तक्षेप किती झाले, यांचा प्रभाव या चार गोष्टींच्या मानाने कमी पडतो. याच्या बरेच आधी, 1991 मध्ये, अमेरिकेतील प्रसूतिशिक्षिका पेनी सिमकिन यांनी आपल्याकडे पूर्वी वर्गाला आलेल्या 20 स्त्रियांना त्यांच्या पहिल्या बाळंतपणाविषयी पुन्हा विचारले होते. मधे 15 ते 20 वर्षे गेली होती, तरी त्यांच्या आठवणी लख्ख होत्या. ज्या समाधानी होत्या त्यांच्या बोलण्यात परिस्थितीवर आपला काही ताबा होता, आपण काहीतरी करून दाखवले, असा सूर होता आणि डॉक्टर-परिचारिकांचे शब्द तर अनेकींना जसेच्या तसे आठवत होते. अभ्यास लहान होता, पण तुमच्या बहिणीचे वाक्य वाचताना मला तो आठवला. तिने शस्त्रक्रियेबद्दल तक्रार केलेली नाही. "मला बाळंत केलं" या तीन शब्दांत तिला जे खटकले ते स्पष्ट आहे: कर्ता दुसराच कोणीतरी होता.

ही मागणी नवी नाही आणि तिने नेहमी एकच रूप घेतले आहे असेही नाही. एडिनबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन यांनी 1847 मध्ये प्रसूतीसाठी आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा वेदना हटवण्यालाच विरोध झाला होता. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतल्यावर तो विरोध बराच निवळला. पुढे 1914 मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी संघटना उभारून मॉर्फीन आणि स्कोपोलामाइन यांच्या मिश्रणाने होणारी 'ट्वायलाइट स्लीप' प्रसूती आपल्याला मिळालीच पाहिजे, अशी चळवळ केली. त्या औषधाने वेदना पूर्णपणे जात नव्हती, तिची आठवण पुसली जात होती आणि भ्रमिष्ट अवस्थेतल्या स्त्रियांना अनेक ठिकाणी पलंगाला बांधून ठेवावे लागे. त्यानंतरच्या काही दशकांत उलट मागणी सुरू झाली: आम्हाला जागे राहू द्या, आमचे मूल जन्मताना आम्हाला पाहू द्या. एका पिढीने औषध मागितले, दुसरीने नाकारले, आणि दोघींचेही म्हणणे एकच होते की हे आमच्या देहाचे आहे, तेव्हा आम्हाला विचारा. म्हणून उद्या तुमची मैत्रीण एपिड्यूरल मागेल आणि तुम्ही ते नाकाराल, तर तुम्ही दोघी एकमेकींच्या विरुद्ध बाजूला उभ्या आहात असे मी मानणार नाही, आणि तुम्हीही मानू नये.

दुसरे कारण आपल्या शरीरावरच्या विश्वासाशी निगडित आहे. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये मांडलेली स्वक्षमतेची कल्पना इथे उपयोगी पडते. एखादे अवघड काम आपल्याला जमेल, हा विश्वास प्रत्यक्ष ते काम करून पाहिल्याने सर्वांत पक्का होतो, आणि असा विश्वास असलेला माणूस अडचणीत अधिक काळ टिकून राहतो. ज्या स्त्रीचा आधी गर्भपात झाला आहे, जिला मूल होण्यासाठी वर्षानुवर्षे उपचार घ्यावे लागले आहेत किंवा जिने दीर्घ आजारपणात आपल्या शरीराविषयी केवळ वाईट बातम्याच ऐकल्या आहेत, तिला हे शरीर एकदा तरी आपल्या बाजूने उभे राहिलेले पाहायचे असते. ही इच्छा मला अतिशय समजण्यासारखी वाटते. मात्र तिच्यातच एक धोका दडलेला आहे. शरीराशी जुना हिशेब चुकता करण्याचे काम बाळंतपणावर सोपवले, तर प्रसूती ही परीक्षा होऊन बसते, आणि बाळाचे डोके कोणत्या दिशेला वळेल किंवा वार कुठे चिकटलेली असेल यांसारख्या, कोणाच्याही हातात नसलेल्या गोष्टींवर तिचा निकाल लागतो. तुमच्या पत्रात अशा एखाद्या पूर्वानुभवाचा उल्लेख नाही. तो असेल, तर त्याविषयी प्रसूतीपूर्वी कोणाशी तरी मोकळेपणाने बोला, कारण ते दुःख स्वतंत्र आहे आणि त्याला स्वतंत्र वेळ मिळायला हवा.

तिसरे कारण भीती. तिचे अनेक प्रकार आहेत: सुईची, शस्त्रक्रियेची, रुग्णालयाच्या वातावरणाची, कंबरेखालचे शरीर बधिर होऊन आपण असहाय होऊ याची. ज्या स्त्रियांना पूर्वी लैंगिक अत्याचाराला तोंड द्यावे लागले आहे, त्यांच्यापैकी काहींना अनोळखी हात आणि झोपून राहण्याची सक्ती असह्य होते, म्हणून त्या कमीत कमी हस्तक्षेपाची प्रसूती मागतात. तर काहींना नेमक्या त्याच कारणाने ठरवून केलेले सिझेरियन सुरक्षित वाटते. तुमच्या बाबतीत ही भीती बहुधा बहिणीच्या अनुभवातून आलेली आहे. तिच्या प्रसूतीचे एकच चित्र तुमच्या मनात आहे आणि त्यात सिझेरियन आणि असहायता या दोन्ही गोष्टी इतक्या एकमेकींत मिसळल्या आहेत की एक टाळली की दुसरीही टळेल, असे तुम्हाला वाटते. त्या वेगळ्या करून पाहणे, हे मी तुमच्यासाठी सर्वांत निकडीचे काम समजते. नैसर्गिक प्रसूतीतही स्त्रीला कोणी काही विचारत नाही असे घडते, आणि तातडीच्या सिझेरियनमध्येही तिला प्रत्येक टप्प्यावर सांगून, विचारून पुढे जाता येते.

भीती आणि वेदना यांचे नाते मात्र खरे आहे. ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी 1933 मध्ये असे मांडले की भीतीने शरीर ताठरते, ताठरलेल्या शरीरात वेदना वाढते आणि वाढलेल्या वेदनेने भीती आणखी वाढते. फ्रान्समधील फेर्नां लामाझ यांनी 1951 मध्ये सोव्हिएत संघात पाहिलेली, श्वासावर आणि पूर्वतयारीवर आधारलेली पद्धत आपल्या देशात नेली आणि तिथून ती जगभर पसरली. स्त्री फार घाबरलेली असेल तर अॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढून कळा मंदावू शकतात, हेही आज आपल्याला माहीत आहे. यावरून काही उत्साही लोक असा निष्कर्ष काढतात की मनाची तयारी असेल तर वेदना होतच नाही. ते खरे नाही, आणि मला ते निर्दयपणाचे वाटते, कारण त्यातून असा अर्थ निघतो की जिला दुखले तिचीच तयारी कमी पडली. तयारीने वेदना पेलण्याची शक्ती वाढते आणि पुढे काय होणार हे माहीत असल्याने घबराट कमी होते. कळ हळूहळू चढते, शिखरावर पोहोचते आणि ओसरते. जोरात आल्यावरही ती साधारण मिनिट-दीड मिनिट टिकते, आणि तिच्यामागून विसावा मिळतो. हे ज्या स्त्रीला आधी ठाऊक असते ती तेवढ्या मिनिटापुरता श्वास सांभाळते, आणि जिला ठाऊक नसते तिला वेदनेला अंतच नाही असे वाटू लागते. तयारीचा लाभ एवढा आहे आणि तो थोडा नाही.

चौथे कारण मी थोडक्यात सांगते. अनेकींना वाटते की औषधाविना झालेल्या प्रसूतीत बाळाशी नाते अधिक घट्ट जुळते. जन्मानंतर बाळाला उघड्या छातीशी घेणे आणि लवकर स्तनपान सुरू करणे दोघांसाठीही हिताचे असते, यात शंका नाही, पण ते एपिड्यूरल घेतल्यानंतरही होते आणि सिझेरियननंतरही, आईची आणि बाळाची प्रकृती ठीक असेल तर, होऊ शकते. आई आणि मूल यांचे नाते पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत रोजच्या सहवासातून घडते. जन्माच्या पद्धतीने ते ठरत नाही.

आणि पाचवे कारण, ज्याविषयी मला सर्वांत कठोरपणे बोलायचे आहे. वेदना सोसली तरच स्त्री खरी आई होते, ही कल्पना कोणीही उघडपणे शिकवत नसले तरी ती हवेत असते आणि आपल्या नकळत आत झिरपते. तुमच्या इच्छेत तिचा अंश आहे का, हे तपासण्यासाठी एक प्रश्न स्वतःला विचारा: मी औषधाविना प्रसूत झाले हे कोणालाही, कधीही कळणार नाही असे ठरले, तरी मला तसेच हवे असेल का? उत्तर 'हो' असेल, तर मैत्रिणीचा आरोप मनातून काढून टाका. उत्तर द्यायला मन कचरत असेल, तरी त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. फक्त आपण कोणाच्या पसंतीसाठी झटत आहोत, ते ओळखून ठेवा. चांगली आई असल्याचा पुरावा म्हणून कोणत्याही स्त्रीकडे तिची वेदना मागू नये, आणि तिने तो देऊही नये.

आता तुमच्या समोरच्या पर्यायांकडे वळू. एपिड्यूरलविषयी जे बोलले जाते त्यात जुनी माहिती बरीच आहे. 2018 मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार एपिड्यूरलमुळे सिझेरियनचे प्रमाण वाढत नाही. इतर उपायांपेक्षा त्याने वेदना अधिक चांगली कमी होते. सर्व अभ्यास एकत्र धरले तर चिमटा किंवा व्हॅक्यूम वापरून करावयाच्या प्रसूतींचे प्रमाण त्याने वाढलेले दिसते, पण 2005 नंतरच्या, कमी मात्रेची औषधे वापरलेल्या अभ्यासांत ती वाढ आढळली नाही. दुसरीकडे, त्याने प्रसूतीला लागणारा वेळ वाढू शकतो, रक्तदाब उतरू शकतो, ताप येऊ शकतो, लघवी अडकू शकते, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते आणि हिंडण्या-फिरण्यावर बंधने येतात. म्हणजे 'एपिड्यूरल घेतले की सिझेरियन ठरलेले' ही भीती तुम्ही सोडून देऊ शकता. पण मला मोकळेपणाने हालचाल करायची आहे, पाय हलते हवेत, बाळ खाली सरकताना मला जाणवायला हवे, ही कारणे तुमची असतील, तर ती पूर्णपणे वाजवी आहेत आणि पतीला तुम्ही ती याच शब्दांत सांगावीत. "मला वेदना हवी आहे" आणि "या औषधासाठी जे सोडावे लागते ते मला सोडायचे नाही" यांत फार अंतर आहे, आणि माझा अंदाज आहे की दुसरे वाक्य त्यांना चटकन समजेल.

कळा आपोआपच सुरू व्हाव्यात, या आग्रहाबाबत मात्र थोडी जागा ठेवा. 41 आठवडे पूर्ण झाल्यानंतर, पाणमोट फुटूनही कळा येत नसतील तेव्हा किंवा रक्तदाब चढू लागल्यावर कळा औषधाने सुरू करणे बाळाच्या आणि तुमच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक ठरू शकते. वार गर्भपिशवीच्या तोंडावर असणे किंवा बाळ आडवे असणे, अशा स्थितीत निवडीचा प्रश्नच उरत नाही. आणि एक गोष्ट अगदी निःसंदिग्धपणे सांगते: रुग्णालयाच्या धास्तीने प्रशिक्षित मदतीविना, घरच्या घरी प्रसूत होण्याचा विचार मनात डोकावला असेल तर तो तिथेच थांबवा. रक्तस्राव सुरू झाला तर काही मिनिटांतच प्राणावर बेतू शकते.

तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत काय विचारावे, याचीही तयारी करून जा. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये प्रसूतीच्या अनुभवाविषयी 56 शिफारशी प्रसिद्ध केल्या. स्त्रीने निवडलेली सोबतीण किंवा सोबती तिच्याजवळ असावा, धोका नसलेल्या स्त्रीला हिंडण्या-फिरण्याची आणि उभ्याने किंवा बसून राहण्याची मोकळीक असावी, मागणाऱ्या निरोगी स्त्रीला एपिड्यूरल मिळावे आणि पिशवीचे तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलेच पाहिजे असा धोशा लावू नये, हे सारे त्यांत आहे. प्रसूतीचा वेगवान टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा आणि पहिल्या खेपेला तो सहसा बारा तासांहून अधिक चालत नाही, असेही त्या सांगतात. याला धरून तुम्ही विचारू शकता: आई आणि बाळ दोघेही ठीक असतील तर तुम्ही किती वाट पाहता? सोबतीला कोण, किती वेळ थांबू शकते? मी उभी राहू शकते का, कुशीवर वळून प्रसूत होऊ शकते का? मला न विचारता साधारणपणे काय काय केले जाते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लक्ष देऊन ऐका. उत्तरातल्या माहितीइतकाच, प्रश्न ऐकल्यावर समोरच्या चेहऱ्यावर उमटलेला भावही तुम्हाला बरेच सांगून जाईल. उत्तरे टाळली जात असतील आणि शक्य असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला अजून वेळ आहे.

घरी मात्र एक वेगळे काम करा. तुमच्या प्रत्येक इच्छेपुढे, ती पूर्ण झाल्याने तुम्हाला काय मिळेल, ते लिहा. 'एपिड्यूरल नको' यापुढे कदाचित 'मला सगळे जाणवायला हवे' असे येईल; 'सिझेरियन नको' यापुढे 'मला एकटीला आत नेऊ नये' असे येईल. मग उजवीकडच्या या गोष्टी इतर मार्गांनीही मिळू शकतील का, ते पाहा. सिझेरियन करावेच लागले तर पती आत येऊ शकतात का, काय चालले आहे ते कोणी मला सांगत राहील का, बाळ आधी माझ्याजवळ देतील का, हे आजच विचारून ठेवता येते. रुग्णालयाला द्यायचा कागद एका पानाचा असावा आणि त्यात सर्व सुरळीत झाले तर काय, मदत लागली तर काय आणि शस्त्रक्रिया झाली तर काय, या तिन्ही प्रसंगांतल्या तुमच्या इच्छा असाव्यात. केवळ पहिल्या प्रसंगाचा कागद नेणारी स्त्री बेत बदलताच रिकाम्या हाताने उभी राहते.

पतीला तर्काने जिंकण्यापेक्षा त्यांना काम द्या. 2017 मधील कॉक्रेनच्या आढाव्यात 26 अभ्यासांतील 15,000 हून अधिक स्त्रियांची माहिती होती आणि कळांच्या काळात सतत कोणाची तरी सोबत लाभलेल्या स्त्रियांत सिझेरियनचे प्रमाण कमी, वेदनाशामकांची गरज कमी आणि अनुभवाविषयीची नाराजीही कमी आढळली. सोबत म्हणजे खोलीत असणे एवढेच नाही. कंबर दाबून देणे, घोटभर पाणी पुढे करणे, कळ ओसरू लागली की ते सांगणे, डॉक्टरांचे बोलणे तुमच्या कानावर आले नसेल तर पुन्हा सांगणे, हे सारे त्यात येते. शिवाय दोघांनी मिळून एक शब्द ठरवा, जो एरवी बोलण्यात येत नाही. कळांच्या भरात, विशेषतः पिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याच्या जरा आधी, जवळजवळ प्रत्येक स्त्री "आता नाही होत माझ्याच्याने" असे म्हणते, आणि तेव्हा तिला बहुधा धीर हवा असतो. पण तो ठरलेला शब्द तुम्ही उच्चारलात तर त्याचा अर्थ एकच: मला खरोखर औषध हवे आहे, आता समजावू नका, डॉक्टरांना बोलवा. या शब्दामुळे तुमच्या पतीची मोठी विवंचना मिटेल, कारण तुम्हाला तळमळताना पाहून आपण काय करावे हे न कळणे, याचीच धास्ती त्यांच्या प्रश्नामागे असावी. औषध देण्याची तयारी आणि त्याचा परिणाम यांत मिळून अर्धा-पाऊण तास जाऊ शकतो आणि प्रसूती अगदी जवळ आली असेल तर ते देता येत नाही, हेही दोघांनी लक्षात ठेवा.

हे वाचणाऱ्या इतर भगिनींपैकी कोणाला प्रसूतीच्या विचारानेच रात्र-रात्र झोप लागत नसेल, तीच ती वाईट स्वप्ने पडत असतील किंवा भीतीपोटी तपासण्या टळत असतील, तर त्याला टोकोफोबिया असे नाव आहे; 2000 सालापासून वैद्यकीय लेखनात ते वापरले जाते. अशा वेळी आधी त्या भीतीवर समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी आणि प्रसूती कशी व्हावी हे त्यानंतर ठरवावे.

आता तुमचा तिसरा प्रश्न. 'माफ' हा शब्द तुम्ही वापरला आहे आणि माफी तर अपराधाला असते. बाळाचे ठोके मंदावल्यामुळे झालेल्या शस्त्रक्रियेत किंवा अठराव्या तासाला मागितलेल्या औषधात तुमचा अपराध कोणता? दुःख मात्र होऊ शकते, आणि ते खरे असेल. मनाशी बाळगलेली एखादी गोष्ट हुकली तर माणूस हळहळतो, आणि "बाळ सुखरूप आहे ना, मग झाले" असे म्हणून त्या हळहळीला कोणी गप्प करू नये. बाळ सुखरूप असल्याचा आनंद आणि आपले काहीतरी राहून गेल्याची खंत या दोन्ही गोष्टी एकाच मनात राहू शकतात. तुमच्या ताईला कदाचित सहा वर्षे कोणी हे सांगितलेलेच नाही. दिवस भरण्याआधी तिच्याजवळ बसून त्या दिवशी नेमके काय घडले ते तिला विचारा. तिला कोणत्या क्षणी आपण बाहेर फेकलो गेलो असे वाटले, तेही विचारा. तुमच्या कागदावर काय लिहायला हवे, हे तिच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

प्रसूती कशीही झाली तरी रुग्णालयातून निघण्यापूर्वी किंवा पहिल्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडे वेगळा वेळ मागा आणि कोणता निर्णय कधी व का घेतला गेला, ते क्रमाने समजून घ्या. पहिले काही दिवस रडू येणे, मन हळवे होणे स्वाभाविक आहे. ते दोन आठवड्यांहून अधिक टिकले किंवा महिना उलटल्यावरही प्रसूतीचे प्रसंग डोळ्यांपुढे येऊन छाती धडधडत असेल, रुग्णालयाच्या रस्त्याने जाणेही नकोसे होत असेल, तर वाट पाहू नका. या तक्रारींवर उपचार आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके बरे. पतीलाही ही लक्षणे आजच सांगून ठेवा, कारण अशा वेळी आपल्याला मदतीची गरज आहे, हे त्या स्त्रीच्या आधी बहुधा जवळच्या माणसाच्याच ध्यानात येते.